मशीनमधला हिरवा चाफा

तीन वर्षांपूर्वीच्या वैशाखात, एका मंगळवारी, सकाळी अकरा ते साडेअकरा या अर्ध्या तासात सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी दोन खोकी आली. एकात कपडे धुण्याचं मशीन होतं. दुसऱ्यात झाडाची दोन रोपं होती. मशीन शहरातल्याच दुकानातून टेम्पोने आलं. ते दारातून आत घ्यायला दोन माणसं लागली. रोपं कोकणातल्या एका नर्सरीतून आली. त्यांना सात दिवस लागले. नर्सरीने तीन दिवस सांगितले होते.

यंदाचा वैशाख लागला आहे. दुपारी बारानंतर गल्लीत माणूस दिसत नाही. दारांवर ओल्या चादरी सोडलेल्या असतात. त्यांतून येणाऱ्या वाऱ्याला ओल्या सुताचा आणि थोडा खळीचा वास असतो. गच्च्यांवर कुरडया वाळतात आणि त्यांच्याकडे लक्ष ठेवायला कुणीतरी जिन्याच्या सावलीत काठी घेऊन बसलेलं असतं. याच दिवसांत पेठेत खोकी येतात. पाडव्याला ठरवलेली वस्तू अक्षय तृतीयेपर्यंत दारात येते, आणि पुढचे आठ दिवस तिचं रिकामं खोकं जिन्याखाली उभं असतं. फेकायला कुणी धजत नाही. वॉरंटीचं काही निघालं तर लागेल, असं सगळेच म्हणतात.

गल्लीतल्या खरेदीचे अनुभव एकत्र केले तर एक पान भरेल. शेजारच्या देसाई सरांनी टपालाने बुटका नारळ मागवला होता. रोप वर्षभर नारळ म्हणून वाढलं आणि नंतर शोभेच्या ताडाचं निघालं. सर अजूनही त्याला नारळच म्हणतात, कारण पावती तशी आहे. समोरच्या पाटीलबाईंचं मशीन बैठकीत असतं. त्यावर क्रोशाचं कव्हर आणि कव्हरावर फुलदाणी. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी ते खराब होईल या भीतीने चार वर्षं कपडे मोरीतच धुतले जातात. पाहुणा आला की कव्हर उचलून मशीन दाखवतात आणि परत झाकतात. बाई त्या मशीनबद्दल पूर्ण समाधानी आहेत.

आमच्याकडचं मशीन शुभदासाठी होतं. शुभदा माझी पत्नी, शाळेत शिक्षिका. फळ्यावर लिहून आणि चादरी पिळून तिच्या उजव्या मनगटाने दोन वर्षांपासून तक्रार लावली होती. डॉक्टरांनी पट्टा दिला होता. सोलापुरी चादर कोरडी असताना उचलायला सोपी. भिजली की ती दुसरंच काहीतरी होते. पिळायला दोन माणसं लागतात, एक या टोकाला आणि एक त्या.

रोपं आक्कासाठी होती. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण मालन, पंढरपूरजवळच्या करकंबची. वय तेव्हा एकोणसत्तर. नवरा वारलेला, मुलगी अकलूजला दिलेली, आमच्या वडिलांच्या जुन्या घरात एकटी. त्याआधीच्या दिवाळीत ती अंगणात पाय घसरून पडली आणि शेजारीण दूध घेऊन येईपर्यंत तिथेच पडून राहिली. फाल्गुनात तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, ती सोलापुरात. दवाखान्यातून ती आमच्याकडे आली आणि आल्या दिवशीच तिने मुक्कामाची मुदत सांगितली.

"मिरगाला मी माज्या घरी."

तिने इथेच राहावं असं आम्हा दोघांना वाटत होतं. आम्ही ते तीनदा सांगितलं. ती तीनही वेळा नाही म्हणाली. कारण विचारलं तेव्हा एकदाच बोलली.

"हितं फोडनीचा वास येतोय. गटारीचा येतोय. झोप लागंल असा वासच न्हाय कुटला."

करकंबच्या घरी न्हाणीच्या कडेला हिरवा चाफा होता. रस्ता रुंद झाला तेव्हा तो गेला. ज्यांनी हे झाड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: याचं फूल आधी पानाइतकंच हिरवं असतं आणि पानांत लपलेलं असतं. पिकलेल्या फळासारखा वास सुटतो, मग फूल शोधायचं. लहानपणी संध्याकाळी आम्ही दोघं त्या झाडाखाली उभं राहून वास कुठून येतो ते बोटाने दाखवायचो. आक्काचं बोट बरोबर निघायचं.

म्हणून हिरवा चाफा मागवला. नर्सरी एकटं रोप पाठवत नव्हती, किमान दोन घ्यायची अट होती. शुभदाने दुसरं कृष्णकमळ निवडलं. फोनवर ऑर्डर जात असताना आक्का पलंगावर पाय लांब करून बसली होती.

"मला बांदून घालायला झाड मागिवलंस व्हय रं?"

"झाड आहे आक्का, दावं नाही."

"आरं, झाडाला दावं लागत न्हाय. त्ये सोताच दावं असतंय."

ती हसली. पण मृगाचा बेत तिने बदलला नाही.

खोकं मंगळवारी उघडलं. वरच्या बाजूला बाण होता आणि 'ही बाजू वर' असं छापलेलं होतं. ती बाजू खाली होती. आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे, नारळाचा भुसा, चिकटपट्टी. बोळा उलगडून बातमी वाचायची सवय हाताला असते, वाचली. कुठल्याशा गावच्या जत्रेची होती, अर्धीच. कृष्णकमळ काळं पडलं होतं, बोट लावताच देठ तुटला. हिरव्या चाफ्याची एक वीतभर काडी होती. तिला दोन पानं होती आणि तीही कडेने करपलेली. आक्काने अंगठ्याचं नख काडीवर हलकंच ओढलं. सालीखाली बारीक हिरवी रेघ दिसली.

"हाय," ती म्हणाली.

नर्सरीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. बोलणारी मुलगी नम्र होती. कृष्णकमळाचा फोटो पाठवा, बदली रोप पाठवतो, असं तिने सांगितलं. चाफ्याबद्दल तिने विचारलं, "सर, रोप पूर्ण वाळलंय का? तसं असेल तर 'रोप मृत' हा पर्याय निवडा. दहा दिवसांची मुदत असते. चाफ्याची नवी रोपं मात्र पाऊस सुरू झाल्यावरच निघतील, जूनच्या शेवटी."

फोनचा आवाज मोठा ठेवला होता. आक्का पलंगावरूनच बोलली.

"बाई, नखानं खरवडलं तर आत हिरवं हाय."

"मग मृत नाही म्हणता येणार, आजी."

"आमी कुटं म्हनतोय?"

फोन ठेवल्यावर शुभदाने हिशोबी गोष्ट सांगितली. "आक्का, मेलं म्हणून टाकू या. दुसरं फुकट येतंय. हे जगलं तर दोन होतील."

"जित्याला मेलं म्हनून कळवायचं? आन् त्येनं आयकलं तर?"

वस्तुस्थिती अशी होती: ही काडी मृगापर्यंत फुटली तर आक्काला इथे थांबायला काहीतरी कारण होतं. नाही फुटली तर दुसरं रोप येईपर्यंत ती करकंबला पोहोचलेली असणार होती, त्या अंगणात, एकटी.

मशीनची गोष्ट वेगळीच चालली होती. टेम्पोवाल्यांनी ते मोरीबाहेरच्या बोळात ठेवलं आणि बजावलं, की कंपनीचा माणूस येऊन डेमो देईपर्यंत बटण दाबायचं नाही, दाबलं तर वॉरंटी गेली. डेमोचा माणूस कधी येईल? फोन येईल. लग्नसराई होती, रुखवतातली मशीनं आधी. तेव्हा मशीन नुसतं उभं राहिलं, पांढरं, काचेच्या झाकणाचं. शुभदा मनगटाला पट्टा बांधून त्याच्या शेजारीच कपडे धुवायची.

बुधवारी पाणी आलं. आमच्या भागात तेव्हा चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, आणि ज्या दिवशी यायचं त्या दिवशी रिकामं भांडं ठेवणं हा गुन्हा मानला जायचा. पिंप, हंडे, घागरी, बादल्या झाल्या की पातेली, मग कुकर, मग चहाची किटली. आक्का बोळात खुर्ची टाकून बसली होती. तिला उचलता येत नव्हतं. बघता येत होतं.

"आन् ह्ये रिकामंच ठेवायचं व्हय?"

"ते मशीन आहे, आक्का."

"आतनं स्टीलचं हाय की. वर झाकन बी हाय."

शुभदाने माझ्याकडे पाहिलं. माहितीपुस्तिका मी वाचली होती. बटण दाबण्याबद्दल चार सूचना होत्या, पाणी साठवण्याबद्दल एकही नव्हती. नळ जायला दहा मिनिटं होती. मशीनमध्ये आठ बादल्या बसल्या. एक थेंब गळला नाही. आक्काने झाकण लावलं आणि वर पळी ठेवली, म्हणजे ते भांडं आता घरातल्या भांड्यांत धरलं गेलं.

पुढचे दोन दिवस आम्ही मशीनमधून पाणी उपसून वापरलं. चाफा खिडकीत होता, मग पलंगाखाली, मग मोरीच्या कोपऱ्यात. कुठेही ठेवला तरी दुपारी दोननंतर तिथे वाफा यायच्या. शुक्रवारी त्याची दोन्ही पानं गळली. आक्का ती तळहातावर घेऊन बराच वेळ बसली. मग पाणी घ्यायला तिने मशीनचं झाकण उचललं आणि हात आत तसाच ठेवला.

"वसंता, हिकडं ये. हात घाल."

घातला. तळाशी वीतभर पाणी उरलं होतं. बाहेर बोळात भिंतींना हात लाववत नव्हता. आत रांजणाच्या पोटात असतो तसा गारवा होता, ओलसर आणि स्थिर. वरून जिन्याच्या खिडकीतला उजेड काचेतून उतरत होता. ऊन मात्र पोहोचत नव्हतं.

पितळेचा एक डबा पाण्यात पालथा घातला. त्यावर रोपाची काळी पिशवी ठेवली. झाकणाखाली रवीचा दांडा आडवा टाकून चार बोटांची फट ठेवली. या कामाला पाच मिनिटं लागली. सांगणारी आक्का होती, करणारे आम्ही दोघं.

तेव्हापासून तिचा दिवस ठरून गेला. सकाळी सातला काठी टेकत बोळात यायचं, झाकण उचलायचं, बघायचं, लावायचं. संध्याकाळी पुन्हा. या दोन वेळांच्या मध्ये ती शेंगा सोलायची, शुभदा वह्या तपासत असताना मुलांची नावं मोठ्याने वाचायची, खिडकीतून पाटीलबाईंशी बोलायची. "काय म्हनतंय तुमचं मशीन?" बाई विचारायच्या. "गार हाय," आक्का सांगायची. बाईंना ते मशीनचं कौतुक वाटायचं.

त्या दिवसांकडे आता पाहताना आठवतात ते वास आणि आवाज. घट्ट ताकात पडलेल्या कोथिंबिरीचा वास. तव्यावरची ज्वारीची भाकरी उलटताना येणारा कोरडा आवाज. दुपारची पेठ इतकी शांत, की पलीकडच्या घरात कुणी पेला ठेवला तरी कळायचं. आणि त्या शांततेत मशीनच्या झाकणाची बारीक कुरकुर. घरात तीन माणसं होती आणि तिघांचं लक्ष एका वीतभर काडीवर होतं. शुभदा कपडे धुताना मशीनवर पाणी उडू नये म्हणून पाठ तिकडे करायची.

डेमोचा फोन बुधवारी आला. गुरुवारी सकाळी येतो; नको असेल तर पुढचा नंबर पंधरा दिवसांनी. शुभदा "या" म्हणाली. गुरुवार हा खोकी आल्यापासून दहावा दिवस होता. त्याच दिवशी संध्याकाळी सहाला 'रोप मृत' कळवण्याची मुदतही संपत होती.

आलेल्या माणसाचं नाव श्रीनिवास. वय चाळिशीचं, खांद्याला पिशवी, खिशाला टेस्टर. वडील यंत्रमागावर विणकर होते, घरी तेलुगू बोलतात, हे त्याने पाणी पिता पिता सांगितलं. मग बोळात गेला, रवीचा दांडा बाजूला केला आणि झाकण उघडलं.

"काकू, ह्याच्यात झाड कोण लावलंय?"

"लावलं न्हाय. ठेवलंय," आक्का म्हणाली.

"बारा वर्षं झाली डेमो देतोय मी. ह्याच्यात ज्वारी बघितलोय. पुस्तकं बघितलोय. एका घरात मांजर व्यालेली बघितलोय. झाड नाही बघितलो."

"मग आता बगा की."

त्याने खिशातली विजेरी काढली आणि वाकला. मशीनची नळी तपासतो तितक्याच बारकाईने त्याने काडी खालपासून वरपर्यंत पाहिली.

"काकू, हितं काय हाय? पान गळलंय तिथं. बगलेत."

शुभदाने चष्मा आणला. मी पाहिलं. गळलेल्या पानाच्या खुणेवर मोहरीएवढा हिरवा ठिपका होता. आक्काने विजेरी हातात घेतली, पाहिलं आणि परत दिली. काठी भिंतीला टेकवून तिने खुर्ची जवळ ओढली आणि बसली.

"डेमो द्यायचा तर हे भायेर घ्यायला लागतंय," श्रीनिवास म्हणाला. "पाणी सोडायचं, भरायचं, फिरवून दाखवायचं. पाऊण तास."

"भायेर काय उकळतंय त्ये बगितलंस का?" आक्का म्हणाली. पण मग शुभदाच्या पट्ट्याकडे तिचं लक्ष गेलं आणि आवाज खाली आला. "काडा. तिचा हात दुकतोय. काडा त्ये."

रोपाकडे हात कुणीच नेला नाही. शुभदाने झाकण हळूच खाली घेतलं आणि रवीचा दांडा पुन्हा आडवा ठेवला.

"राहू दे. पुढच्या नंबराला या तुम्ही. चहा घेऊन जा."

श्रीनिवासने फोन काढला. डेमो झाला नाही तर कारण भरावं लागतं. पर्याय ठरलेले असतात. त्याने ते वाचून दाखवले. ग्राहक घरी नाही. वीज नाही. पाण्याची सोय नाही.

"आमी समदी घरात हाय," आक्का म्हणाली. "लाईट हाय. पानी तर मशिनीतच हाय. खोटं टाकू नगंस."

त्याने 'इतर' टाकलं.

संध्याकाळचे सहा वाजले. 'रोप मृत' कुणी दाबलं नाही.

पंधरा दिवस लागले नाहीत. नवव्या दिवशी, शनिवारी दुपारी चारला, जवळच दुसऱ्या घरचं काम उरकून जाताना श्रीनिवास न बोलावता आला. "झाड बघायला आलोय," म्हणाला. तोपर्यंत ठिपक्याची दोन पानं झाली होती, कोवळी, तांबूस, नखाएवढी. त्यानेच पिशवी दोन्ही हातांनी बाहेर काढली. चाफा मातीच्या कुंडीत गेला आणि कुंडी जिन्याखाली सावलीत. कुंडीत एक छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरलं होतं. त्यात पाणी भरलं की ते आपोआप झिरपत राहतं. ही करकंबची पद्धत.

मग डेमो झाला. पहिल्या फेरीत दोन चादरी. पाणी भरलं, थांबलं, आत काहीतरी घुसळलं गेलं. शेवटी जोरात फिरायला लागल्यावर मशीन बोळातून हातभर पुढे सरकलं. श्रीनिवासने पाय लावून ते धरलं. आक्का खुर्चीत बसून झाकणातून पाहत होती. पन्नास वर्षं तिने दगडावर धुणं केलं होतं, आधी विहिरीवर, मग न्हाणीत. हात मांडीवर उघडे पडले होते.

"नुसतं बसून धुनं हुतंय," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "शुभे, पिळायला मला हाक मारू नगंस आता."

चादरी गच्चीवर टाकल्या. अर्ध्या तासात वाळल्या. उन्हात वाळलेल्या सुताला एक वास असतो, भाजलेल्या धान्याच्या जवळचा. घड्या घालताना शुभदाने पट्टा काढून ठेवला होता. खळबळल्यावरचं शेवटचं पाणी बादल्यांत धरलं, त्याने जिना आणि बोळ धुतला. साबणाचा एक थेंबही चाफ्याकडे जाऊ नये म्हणून आक्का काठी आडवी धरून उभी होती.

त्या उन्हाळ्यातलं एवढंच. काही मोठं घडलं नाही. एक वस्तू चालू झाली, एक झाड फुटलं, एका बाईचं मनगट बरं झालं. तरी वैशाखातली दुपार लागली, की मला ते झाकण आठवतं आणि आत हात घातल्यावर लागलेला गारवा.

मृग निघाला. आकाश नुसतं पांढरं होतं. अकलूजहून भाचीचा फोन आला, "आई, करकंबला जायला गाडी पाठवू का?" आक्का म्हणाली, "बगू." दोन दिवसांनी भाचीने पुन्हा विचारलं. आक्काने तिला विचारलं, की तुझ्याकडं कुंडीत घालायला शेणखत मिळंल का. भाचीने खत पाठवलं. तिने गाडीचं पुन्हा विचारलं नाही आणि आम्हीही काही विचारलं नाही.

जूनच्या शेवटी नर्सरीकडून कृष्णकमळाचं बदली रोप आलं, खोकं सुलटं. त्यासोबत फोनवर संदेश आला: आपला अनुभव इतर ग्राहकांना सांगा. आक्का म्हणाली, "लिव्ह. मी सांगते."

मी लिहून घेतलं आणि सवयीने दुरुस्त केलं. 'रोपाची बांधणी सदोष होती' असं पहिलं वाक्य झालं. तिने वाचायला लावलं.

"ह्ये कोन बोललं?"

"तूच. मी नीट केलं."

"म्या असलं बोलले न्हाय. खोड त्ये. खोकं उलटं आलं, आसं लिव्ह."

खोडलं. अखेर मजकूर असा झाला: 'खोकं उलटं आलं. झाड मेल्यागत दिसत हुतं, मेलं न्हवतं. आता सात पानं हाईत. दुसरं मेलेलं आलं, त्येच्या बदली चांगलं दिलं. तुमची पोरगी फोनवर नीट बोलती. खोकं कसं धरायचं त्ये मानसांना शिकवा.'

तारे किती द्यायचे, पाचपैकी? चार. एक खोक्याचा काप, म्हणाली.

नाव भरलं. खाली गावाची चौकट रिकामी होती. आक्का समोर सुपात शेंगदाणे पाखडत होती. गाव काय टाकू, असं मी विचारलं. तिने सूप थांबवलं नाही.

"सोलापूर टाक."

अभिप्राय दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सरीच्या पानावर दिसला. चार तारे. मालन, सोलापूर.